आळ्या झोपल्या की रेकॉर्डिंग

माझा सोलो ऐन रंगात आलेला असताना माझ्या डोक्याला फेटा बांधण्यात आला. ही हकिगत मी जिथे जिथे सांगितली तिथे लोकांना वाटलं, मी तिखटमीठ लावतोय. तिखटमीठ अजिबात नाही. फेटा गुलाबी होता, त्याचा तुरा डाव्या कानावर आला होता आणि तो अजून आमच्या घरात आहे.

धाराशिवला एका कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. मीही तिथलाच. पुण्यात जॅझ गिटार वाजवून पोट भरणारा आपला माणूस म्हणून मला बोलावलं होतं. जॅझमध्ये आधी एक चाल सांगायची, मग ती सोडून भटकायला निघायचं आणि ऐकणाऱ्याने विश्वास ठेवायचा, की हा माणूस फिरून घरी येणार आहे. मी डोळे मिटून भटकत होतो, चांगला लांब गेलो होतो, तेवढ्यात कानाशी कुणीतरी म्हणालं, "सर, तुमचं वाद्य जुळवून हुईस्तोवर सत्कार उरकून घेऊ का? पाहुण्यांना फुडं परंड्याला जायचंय."

मी डोळे उघडेपर्यंत एका तरबेज माणसाने माझ्या कपाळाला कापडाचं टोक लावलं होतं. गिटार गळ्यात, दोन्ही हात गुंतलेले. मी थांबलो नाही. कलावंताने थांबायचं नसतं, असं मला नेमकं त्याच क्षणी का वाटलं कोण जाणे. मान ताठ धरून, डोक्याभोवती वेढे पडत असताना, मी सोलो शेवटपर्यंत नेला. तुरा बसला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आयुष्यात इतक्या टाळ्या मला कधी मिळाल्या नव्हत्या. मग निवेदक माइकवर म्हणाला, "आता जुळलेलं दिसतंय. कार्यक्रमाला सुरुवात करू या."

आमचं घर तामलवाडीजवळ शेतात आहे. पूर्वी धाराशिवच्या बाजारात आमची धान्याची आडत होती. थोरल्या भावाने, म्हणजे अण्णांनी, ती बंद केली आणि वहिनींच्या हट्टापायी शेतात तुती लावून रेशमाच्या आळ्यांची शेड बांधली. मी मधून मधून पुण्याहून येतो, महिना-महिना राहतो, भरपूर जेवतो. वहिनी अक्कलकोटकडच्या. हसायचं असलं की मराठीत, रागवायचं असलं की कानडीत. त्या दिवशी फेट्याची हकिगत ऐकून त्या पाल्याच्या भाऱ्यावर बसून हसल्या, डोळे पुसून पुन्हा हसल्या आणि दम लागल्यावर म्हणाल्या, "भावजी, राग मानू नगा, पर त्या मानसाची काय चूक हाय? तुमचं ऐकताना मला बी तसंच वाटतंय. गाडी लई पळतीया, पर गाव काय येईना."

मला राग आला. मला राग झटकन येतो आणि जेवायची वेळ होईपर्यंत टिकतो. त्या दिवशी मात्र जेवताना त्याहून वाईट झालं. वहिनी भाकरी थापता थापता गुणगुणत होत्या. त्या दिवसभर गुणगुणतात. आरती, माहेरची कानडी गाणी, घंटागाडीचं गाणं, फिनाईलची जाहिरात, शेजारच्या वरातीत जे काही वाजलं असेल ते. चाल आवडली की ती त्यांच्या तोंडात जाऊन बसते आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. लग्न होऊन त्या आमच्या घरात आल्या, तेव्हा मी माडीवर गिटार घेऊन बसलेला असायचो. म्हणजे माझं वाजवणं या बाईने जगात सगळ्यांत जास्त ऐकलंय. आणि इतक्या वर्षांत त्यांनी माझी एक ओळ, अर्धी ओळ, कधी गुणगुणली नव्हती. फिनाईलची गुणगुणली होती. हे लक्षात आलं आणि मी हातातला घास परत ताटात ठेवला.

भाकरी संपायच्या आत माझं ठरलं. पॉप अल्बम करायचा. सरळ, सोप्या, कुणाच्याही तोंडात बसतील अशा चालींचा. आणि त्यातली एक तरी चाल वहिनींनी त्यांच्या नकळत गुणगुणली पाहिजे. नाहीच गुणगुणली, तर इतकी वर्षं आपण नुसती बोटं दुखवून घेतली असं समजायचं आणि गिटार माळ्यावर टाकायची. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. फक्त माझ्या पुण्याच्या ड्रमर मित्राला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे सगळा श्रोतृवर्ग एका माणसाचा?"

म्हटलं, "एकाच माणसाचा. पण फार कडक आहे."

स्टुडिओ म्हणून मी शेडच पसंत केली. एक बॅच निघून गेली होती, दुसरी यायची होती, त्यामुळे शेड रिकामी होती. छताला उष्णता अडवणारे जाड पत्रे, बाजूंनी हिरवी जाळी, आत रॅकवर रॅक. टाळी वाजवली तर आवाज जिथल्या तिथे बसतो. पुण्यात अशी खोली मिळवायला लोक जीव टाकतात. वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "फुडची बॅच यायच्या आत आटपा. अन् शेडचं नेम ते नेम. तिथं तुमचं कलाकारपण चालायचं न्हाय."

शेडचे नेम म्हणजे असे, की बाहेरची चप्पल आत न्यायची नाही, दारातल्या चुन्यात पाय बुडवायचे आणि अंगाला कसलाही वास नको. तंबाखू नको, अत्तर नको, वासाचं तेल नको. पूर्वी कुणी पाहुणा अत्तर लावून आत डोकावला आणि आळ्यांनी पाल्याला तोंड लावायचं सोडलं, असं वहिनी सांगतात. आमच्या घरी महादेवाची पूजा रोज साग्रसंगीत होते, पण शेडमधल्या महादेवाच्या तसबिरीला वहिनी उदबत्ती लावत नाहीत. देवालाच सवलत नाही, तिथे ड्रमरला कुठून असणार?

माझा मित्र सोलापूरहून रिक्षा करून आला तो केसांना जेल, अंगाला स्प्रे आणि तोंडात वेलदोडा अशा थाटात. फाटकातून तो आत आला आणि त्याच्या पुढे त्याचा वास आला. वहिनी शेडच्या दारात हात आडवा करून उभ्या राहिल्या. "पाहुणं, नमस्कार. आधी आंघोळ करा."

"वहिनी, मी सकाळीच केलीय."

"ती ऱ्हाऊ द्या. हितली करा."

त्याला बोअरच्या पाण्याखाली बसवलं. साबण मागितला तर वहिनींनी साबणाचा वास घेऊन तो परत नेला. शेवटी चण्याचं पीठ दिलं. त्याचे कपडे धुऊन तारेवर घातले आणि त्याला अण्णांची लुंगी आणि बंडी दिली. अण्णा अंगाने त्याच्या दुप्पट आहेत. मग वहिनींनी त्याने आणलेल्या ड्रमच्या झांजेला नाक लावलं. तिला पॉलिश केलेलं होतं. झांज बाहेर! ड्रमच्या स्क्रूंना तेल होतं, ड्रमही बाहेर. माझी गिटार दोनदा हुंगून त्यांनी पास केली, कारण ती मी कधी पुसतच नाही. मित्राच्या वाट्याला टोमॅटोचे प्लास्टिकचे क्रेट आणि ड्रमवर फिरवायचे तारांचे दोन ब्रश उरले. तो लुंगी सावरत मला म्हणाला, "तू म्हणाला होतास, मोठा स्टुडिओ आहे." मला इतकं हसू आलं की मी जाळीला धरून उभा राहिलो. खरं सांगतो, असा हलका मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो.

पण क्रेट वाजायला लागला आणि मी लगेच गिटार गळ्यात घातली. इतका गोड, कोरडा, पुठ्ठ्यासारखा आवाज कुठल्या ड्रमला नसेल.

माझं मात्र जमेना. चाल सरळ निघायची आणि तिसऱ्या वळणावर माझी बोटं आपोआप आडरानात शिरायची. मित्र ब्रश खाली ठेवायचा. "परत वाट सोडलीस."

"अरे, तिथे सरळ जाणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा वाटतो."

"मग कर की मूर्खपणा. त्यासाठीच मला चण्याच्या पिठाने आंघोळ घातलीय ना?"

अशात फोन आला, की आळ्या ठरल्याआधीच तयार झाल्यात, घेऊन जा. लहान आळ्या वाढवून देणारं केंद्र असतं, तिथून त्या आणायच्या असतात. त्यांना थांबा म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपोतून ट्रे उतरले आणि आमची शेड भरली. मला वाटलं, आपलं बिऱ्हाड उठलं. वहिनींनी रॅककडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कोपऱ्यात ऱ्हावा. पर त्यांच्या वेळा सांभाळून."

त्यांच्या वेळा म्हणजे काय ते आम्हाला लवकरच कळलं. आळ्या पाला खातात तेव्हा खातात. लहान असताना त्यांचा आवाज येत नाही, पण मोठ्या झाल्या की सगळी शेड कढईत भजी सोडल्यासारखी चरचरते, त्यात रेकॉर्डिंग अशक्य. मध्येच त्या कात टाकायला बसतात. खाणं बंद, हलणं बंद, डोकं वर करून सगळ्या एकदम स्तब्ध. त्याला आमच्याकडे आळ्या झोपल्या म्हणतात. तेव्हा शेडमध्ये शुकशुकाट असतो, रेकॉर्डिंगला त्याहून चांगली वेळ नाही. पण वहिनींच्या मते झोपलेल्या आळ्यांना धक्का लागता कामा नये. मी जरा जोरात एखादी तान घेतली की दारातून आवाज यायचा, "सुम्मनिर्री!" म्हणजे कानडीत गप्प बसा.

त्यामुळे मला पळायचीच बंदी झाली. घाईने बोटं चालवली की खटखट होते आणि वहिनी येतात. एका सुरावर थांबायचं, दुसऱ्यावर हळूच जायचं, पाळण्याजवळून चालावं तसं. इतकी वर्षं मी जे काही शिकलो होतो त्यातलं बहुतेक सगळं त्या शेडमध्ये नियमबाह्य ठरलं.

सकाळी आम्ही परीक्षा घ्यायचो. वहिनी पाला घालायला शेडमध्ये शिरल्या की मी रॅकवर ठेवलेला छोटा स्पीकर फोनवरून चालू करायचो आणि आम्ही दोघं पाल्याच्या ढिगामागे कान लावून बसायचो. पन्नाशीतली दोन माणसं, त्यातला एक लुंगीत. पहिली चाल वाजली, वहिनींनी आरती म्हटली. दुसरी वाजली, त्यांनी आरती संपवून अण्णांना हाक मारली. तिसरी माझी फार लाडकी होती. ती चालू असताना वहिनी एकदम थबकल्या. मी मित्राचा दंड दाबला. वहिनी म्हणाल्या, "ह्ये कुनी लावलंय? बंद करा बरं. मला शेडात पाखरू शिरल्यागत वाटाया लागलंय." मित्राने तोंडात लुंगीचा सोगा कोंबला. मी ती चाल रागाने पुसून टाकली, आणि दुपारी त्याचंच इतकं हसू आलं की जेवता येईना.

शेवटची झोप आली तेव्हा माझ्याकडे आळ्यांएवढा धीरही उरला नव्हता. मित्राला परत जायचं होतं. दुपारची वेळ, शेड थंडगार, रॅकवर सगळ्या आळ्या माना वर करून बसलेल्या. दाराशी वहिनी राखणीला बसल्या होत्या आणि बसल्या बसल्या त्यांचाही डोळा लागला होता. मला वात्रटपणा सुचला. म्हटलं, मूर्खपणा पाहिजे ना? घे. मी चार सूर वर गेलो, तीन खाली आलो, परत तसंच केलं आणि शेवटी शाळा सुटल्यावर पोरं ओट्यावरून उडी मारतात तशी एक उडी मारली. मित्र ब्रश टाकून नुसत्या बोटांनी क्रेटवर वाजवायला लागला. दोघांनाही हसू फुटत होतं आणि हसायची चोरी. खांदे हलतायत, डोळ्यांतून पाणी येतंय आणि चाल मात्र चालूच आहे. थांबलो तेव्हा वहिनी झोपलेल्याच होत्या. आम्ही ते पुन्हा वाजवलं नाही. तसंच ठेवलं. त्यात एका जागी मित्राने नाकाने सोडलेला श्वास ऐकू येतो.

ती चाल मी वहिनींना रोज सकाळी ऐकवली. मित्र गेल्यावरही ऐकवली. त्या आरती म्हणत राहिल्या.

अल्बम फोनवर ऐकायला मिळू लागला. त्यात जेमतेम सहा चाली उरल्या होत्या. पुण्याच्या एका जुन्या जॅझवाल्या मित्राचा फोन आला. फार काळजीच्या आवाजात त्याने विचारलं, "बरा आहेस ना तू? घरी सगळं ठीक?" म्हटलं, ठीक आहे. त्यानंतर कुणाचाच फोन आला नाही. आळ्या कोषासाठी टाकलेल्या जाळीवर चढल्या, त्यांनी स्वतःभोवती धागा गुंडाळायला सुरुवात केली आणि एके सकाळी मी गिटार पेटीत घातली. माळ्यावर टाकायला शिडी लागते आणि शिडी अण्णांनी रानात नेली होती, एवढ्याच कारणाने ती पेटी खोलीत राहिली. मला वाईट वाटत होतं. फार वाईट वाटत होतं. स्वतःवर हसायची माझी सगळी मस्ती त्या दिवसांत उतरली.

मग कोष काढायचा दिवस आला. पांढरेशुभ्र कोष जाळीतून सोडवायचे, वरची लव काढायची आणि पोत्यात भरायचे. बॅच उत्तम निघाली होती. शेडच्या पडवीत वहिनी, अण्णा आणि मी असे तिघं कोषांच्या ढिगाभोवती बसलो होतो. मी मुकाट्याने लव काढत होतो. आणि वहिनी गुणगुणायला लागल्या.

आधी मला कळलंच नाही. चार सूर वर. तीन खाली. परत तसंच. आणि मग ती उडी. वहिनींनी ती उडी अगदी नेमकी मारली. माझ्या हातातला कोष ढिगात पडला आणि ढिगात तो मला परत सापडला नाही. त्या आपल्या कामात होत्या. कडवं संपवून त्यांनी ते पहिल्यापासून धरलं.

मोठ्याने ओरडावं, अण्णांना उचलून घ्यावं, तुतीच्या रानातून सोलापूर रस्त्यापर्यंत पळत सुटावं असं वाटत होतं. हललो तर त्या थांबतील म्हणून हललो नाही.

त्या आपणहूनच थांबल्या. "आवो भावजी, ह्ये कुटल्या जाहिरातीतलं हाय वो? सकाळधरनं डोस्क्यात बसलंय, जाईचना."

अण्णा म्हणाले, "बनियनच्या."

"बनियनच्या न्हाय वो. भांडी घासायच्या साबनाच्या असंल. ती बाई हासती बगा, त्यात."

"बनियनच्याच. म्या ऐकलंय."

दोघांची त्यावरून चांगलीच जुंपली. मी मान खाली घालून हसत होतो आणि डोळ्यांत पाणी येत होतं, ते लव उडाल्यामुळे आलं असं मी म्हटलं. अण्णांचं तोंड बंद करून वहिनी माझ्याकडे वळल्या. आवाज अगदी मायेचा होता.

"भावजी, एक सांगू? राग मानू नगा. तुमी असलं काय तरी बसवा की. बगा किती सोपं हाय, अन् मानसाला किती बरं वाटतंय."

तोंडापर्यंत आलं होतं. वहिनी, हे माझंच आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण मी म्हणालो, "मला जमेल का?"

"न जमाया काय झालं? म्हना माझ्यामागं."

आणि वहिनींनी हातातला कोष खाली ठेवून मला माझी चाल शिकवायला घेतली. एकेक ओळ, सावकाश, हाताने वर-खाली दाखवत. मी त्यांच्यामागून म्हणत गेलो. तिसऱ्या ओळीला माझी जुनी खोड नडली आणि सूर आडवाटेला गेला.

"तिकडं कुटं निगालात? सरळ या."

मी सरळ आलो. उडीपाशी पोचलो, ती मारली, त्यांनी "व्हय, आता बरुबर" म्हणून मान डोलवली आणि कोष पुन्हा हातात घेतला. मग मी परत पहिल्यापासून म्हणालो आणि त्याच ओळीला चुकलो. या वेळी मुद्दाम, त्यांनी पुन्हा म्हणून दाखवावं म्हणून.